कॅमेऱ्याचा भार कोणी पेलायचा?

तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि वैशाखात ती टिपेला पोहोचते. गेल्या काही वर्षांत या हंगामात आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक नवा वर्ग नियमित दिसू लागला आहे, तो म्हणजे तीस ते पन्नास वयाचे फोटोग्राफर. कोणाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, कोणाच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो, कोणाची बोटे रात्री झोपेत बधिर होतात. पंधरा-वीस वर्षे फोटो काढताना यातले काहीच नव्हते. मग आत्ताच काय झाले, असे विचारले की उत्तर बहुधा एकच येते : ‘डॉक्टर, हल्ली सगळ्यांना व्हिडिओच पाहिजे असतो. सिनेमासारखा.’

कॅमेरा तोच आहे, धरणारा हातही तोच आहे. बदलले आहे ते शरीराला करावे लागणारे काम. फोटोकडून व्हिडिओकडे वळताना प्रत्येकाला कॅमेऱ्यासाठी कोणता ना कोणता आधार विकत घ्यावा लागतो. ट्रायपॉड, मोनोपॉड, गिम्बल, शोल्डर रिग अशी नावे घेत दुकानदार एकामागून एक वस्तू समोर ठेवतो. निवड मात्र बहुतेक वेळा मोबाइलवर पाहिलेल्या सुंदर नमुन्यांवरून होते. डॉक्टर म्हणून मला वाटते, की त्या वेळी एक साधा प्रश्न विचारायला हवा : या साधनाने कॅमेऱ्याचे वजन शेवटी कुठे जाते? जमिनीवर, कमरेवर, की मनगटावर? पुढच्या दहा वर्षांत तुमचा खांदा कसा राहील, हे बऱ्याच अंशी या उत्तरावर ठरते.

उचलणे वेगळे, धरून ठेवणे वेगळे

२००८ हे या व्यवसायातले वळणाचे वर्ष. त्या वर्षी निकॉनचा डी-९० आणि पाठोपाठ कॅननचा ५-डी मार्क टू हे कॅमेरे आले आणि फोटोच्या कॅमेऱ्यातून दर्जेदार व्हिडिओ घेता येऊ लागला. तोपर्यंत लग्नात दोन वेगळी माणसे असत. व्हिडिओवाल्याचा कॅमेरा लांबट असे, त्याचा मागचा भाग खांद्यावर टेकत असे आणि पुढचे-मागचे वजन बऱ्यापैकी तोलले जाई. फोटोचा कॅमेरा मात्र चेहऱ्यासमोर क्षणभर उचलण्यासाठी घडवलेला. त्याच्या आकारात खांद्यावर टेकायला जागाच नाही. हा क्षणभराचा कॅमेरा आपण आता अर्धा-अर्धा तास धरून ठेवू लागलो आहोत.

फोटो काढताना हात वर जातो, बटण दाबले जाते, हात खाली येतो. स्नायू आकसतो आणि सैल पडतो. सैल पडताना त्यात ताजे रक्त शिरते आणि साचलेली टाकाऊ द्रव्ये निघून जातात. व्हिडिओत हात वर जातो आणि तिथेच थांबतो. सतत आकसलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, रक्तपुरवठा घटतो आणि थकवा झपाट्याने येतो. जर्मन संशोधक वॉल्टर रोमर्ट यांनी १९६०मध्ये या स्थिर श्रमाचा आलेख मांडला. पूर्ण ताकदीच्या निम्मी ताकद लावून एखादी वस्तू न हलता धरली, तर माणूस साधारण एक मिनिट टिकतो. पंधरा टक्क्यांपेक्षा कमी ताकद लागत असेल तर कितीही वेळ धरता येईल, असे तेव्हा वाटत होते. पुढच्या अभ्यासांत तेही खरे ठरले नाही. हलका भारही फार वेळ स्थिर धरला, की स्नायू थकतोच.

खांद्याची तर आणखी एक अडचण आहे. दंड वर उचलणाऱ्या एका महत्त्वाच्या स्नायूची शीर खांद्याच्या टोकाचे हाड आणि दंडाचे हाड यांमधल्या अरुंद फटीतून जाते. हात उचलून धरला की ही फट आणखी अरुंद होते, शीर घासते, सुजते आणि सुजली की जास्तच घासते. हात बाजूने वर नेताना मध्येच एका टप्प्यावर कळ येते आणि त्यापुढे दुखत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत बरेचदा हाच प्रकार असतो.

हात हलतोच

काही जण खांद्यासाठी येतच नाहीत, ते भीती घेऊन येतात. ‘व्हिडिओ थरथरतो. मला कंपवात तर झाला नाही ना?’ बहुतेकांना तो झालेला नसतो. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा सूक्ष्म थरथरत असतो. त्यात श्वासाची वरखाली, हृदयाचा ठोका आणि उभ्या शरीराचे हलकेसे डोलणे मिसळते. डोळ्यांना हे दिसत नाही, लेन्सला दिसते. लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकी ही थरथर मोठी होऊन उमटते.

फोटोत यावर सोपा उपाय होता. शटरचा वेग वाढवायचा. सेकंदाच्या अडीचशेव्या भागात हात हलून हलून किती हलणार? व्हिडिओत हा उपाय चालत नाही. सेकंदाला पंचवीस चित्रे घेतली जातात आणि थरथर एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना दिसते. प्रत्येक चित्र कितीही स्पष्ट असले, तरी चित्रांची मालिका हलतेच. कॅमेऱ्यातली किंवा लेन्समधली स्थिरीकरणाची सोय बारीक थरथर बरीच शोषते. पण थकलेला हात जे हेलकावे घेतो, ते तिच्या आवाक्याबाहेरचे असतात.

थकवा, जागरण, उपाशीपोट, घबराट, कडक चहा-कॉफीचे अनेक कप आणि दम्याच्या पंपातली काही औषधे यांनी ही नैसर्गिक थरथर वाढते. लग्नाच्या दिवशी यातल्या बहुतेक गोष्टी एकत्र जमलेल्या असतात! तेव्हा पहाटे निघण्यापूर्वी पोटभर खाणे हाही कॅमेऱ्याला दिलेला एक आधारच आहे.

मात्र, हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना एकाच बाजूला थरथरत असेल, हालचाली मंदावल्या असतील, अक्षर बारीक होत चालले असेल, तर तपासणी करून घ्या. थरथरीबरोबर वजन घटत असेल, छातीत धडधड होत असेल, तर थायरॉइडची रक्तचाचणी हवी. चहाचा कप ओठांशी नेताना हात कापत असेल आणि घरात आणखी कोणाला तसा त्रास असेल, तर तोही वेगळा, बराचसा आटोक्यात ठेवता येणारा विकार असू शकतो.

गिम्बल थरथर खातो, वजन खात नाही

आजच्या तरुण फोटोग्राफरची पहिली खरेदी बहुधा गिम्बलची असते, तीही हप्त्यांवर. साधन खरोखरच करामती आहे. त्यातले सेन्सर कॅमेऱ्याचे कलणे क्षणात ओळखतात आणि तीन मोटारी उलट दिशेने फिरून ते रद्द करतात. वरातीत नाचणाऱ्यांच्या मधून चालत घेतलेले दृश्य पाण्यावरून सरकल्यासारखे दिसते. पाहणाऱ्याला वाटते, की कॅमेरा पिसासारखा हलका झाला आहे.

प्रत्यक्षात तो जड झालेला असतो. हिशेब करू. मिररलेस कॅमेरा साधारण सातशे ग्रॅम, चांगली झूम लेन्स आठ-नऊशे ग्रॅम, गिम्बल सव्वा ते दीड किलो. सगळे मिळून तीन किलोच्या आसपास. शिवाय माणसाच्या एका हाताचे स्वतःचे वजन शरीराच्या सुमारे पाच टक्के, म्हणजे पासष्ट किलोच्या माणसात सव्वातीन किलो असते. तेही खांद्यालाच पेलायचे असते.

त्यातही वजनापेक्षा अंतर महत्त्वाचे. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर गल्लीभर चालता येते. तीच हात लांब करून धरली तर दहा पावलेही जड जातात. तीन किलोचा गिम्बल खांद्यापासून पन्नास सेंटिमीटरवर धरला आणि मग कोपर पोटाशी घेऊन पंचवीस सेंटिमीटरवर आणला, तर त्या वजनाने खांद्यावर येणारा पीळ निम्मा होतो. वजन तेच, त्रास अर्धा.

गिम्बलचा आणखी एक गुण दुकानात सांगितला जात नाही. तो कलणे आणि वळणे दुरुस्त करतो. चालताना कॅमेरा जो वर-खाली उचकतो, ते त्याला नीट थोपवता येत नाही. ते काम गुडघ्यांना करावे लागते. म्हणून गिम्बलवाले गुडघे वाकवून, टाचा हलक्या टेकवत चालतात. आधीच गुडघे किंवा कंबर दुखत असेल, तर तासभर असे चालणे त्यांना महागात पडते.

याचा अर्थ गिम्बल घेऊच नये असा नाही. वरात, नवरीचा प्रवेश, देवळाभोवतीची प्रदक्षिणा अशा चालत्या दृश्यांसाठी त्याला तोड नाही. पण तो दृश्यापुरता हातात घ्यावा आणि दृश्य संपताच खाली ठेवावा. एका मुठीऐवजी दोन्ही हातांनी धरायची जोडमूठ घ्यावी. शक्य तिथे हात खाली सोडून, बाजाराची पिशवी धरल्यासारखा तो धरावा. त्या स्थितीत खांद्यावर ताण सर्वांत कमी येतो. मनगट वाकडे ठेवून मूठ आवळणे टाळावे. अंगठ्याच्या मुळाशी होणारी शिरांची सूज आणि मनगटातली नस दबून बोटांना येणाऱ्या मुंग्या यांची सुरुवात तिथून होते.

पहिला मान जमिनीचा

मंगलाष्टके, सप्तपदी, स्टेजवर दोन-दोन तास चालणारा स्वागतसमारंभ, कीर्तन, नाटक, शाळेचे स्नेहसंमेलन. या सगळ्यांत कॅमेऱ्याची जागा जवळपास ठरलेली असते. इथे भार माणसाने पेलण्याचे कारणच नाही. तो जमिनीला द्यावा. म्हणून व्हिडिओकडे वळणाऱ्याची पहिली खरेदी चांगला ट्रायपॉड हीच असावी, असे माझे मत आहे.

‘ट्रायपॉड आहे की माझ्याकडे,’ असे बरेच जण म्हणतात. तो फोटोचा असतो. त्याच्या माथ्यावर बॉल हेड असते. एक खटका सैल केला की कॅमेरा सगळ्या दिशांना मोकळा होतो. स्थिर फोटोसाठी हे सोयीचे आहे. व्हिडिओत कॅमेरा चालू असताना तो एकाच दिशेने, एकाच गतीने फिरवावा लागतो. बॉल हेडवर ते जमत नाही; क्षितिज कलते, झटके बसतात आणि माणूस शेवटी ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यालाही हाताने तोलत बसतो. वजन जमिनीवर, ताण मात्र मनगटावर.

व्हिडिओसाठी फ्लुइड हेड लागते. ऑस्ट्रेलियातील एरिक मिलर यांनी १९४०च्या दशकात ते विकसित केले. त्यात दाट द्रवाचा अवरोध असतो, त्यामुळे हालचाल मधात चमचा फिरवावा तशी संथ होते. चांगल्या हेडमध्ये एक स्प्रिंगही असते. कॅमेरा पुढे झुकवला की ती त्याला मागे तोलते. घेताना याची चाचणी जरूर करा. आपलाच कॅमेरा आणि आपलीच लेन्स लावा, प्लेट पुढे-मागे सरकवून तोल साधा, कॅमेरा अर्धवट खाली झुकवा आणि हँडल सोडून द्या. तो जिथल्या तिथे राहिला पाहिजे. पुढे कोसळत असेल तर हेड तुमच्या कॅमेऱ्यासाठी कमजोर आहे. मागे उसळत असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त ताकदीची आहे. दोन्ही वेळा तो फरक दिवसभर तुमचे मनगट भरून काढणार. खोक्यावर लिहिलेली कमाल वजनाची मर्यादा हा तोल सांगत नाही.

उंचीही तपासा. मधला दांडा वर न काढता, फक्त पायांच्या उंचीवर कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांच्या पातळीला आला पाहिजे. मधला दांडा काढला की ट्रायपॉड डोलतो. उंची कमी पडली की मान झुकते. माणसाचे डोके साडेचार-पाच किलोचे असते. ते तासन् तास पुढे झुकवून ठेवले, की मानेच्या मागचे स्नायू सतत ताणलेले राहतात. ट्रायपॉड ठेंगणा असेल तर डोळ्यांच्या उंचीवर वेगळा छोटा मॉनिटर लावणे हा स्वस्तातला उपाय आहे.

पैशांची अडचण असेल तर जुना ट्रायपॉड फेकू नका. त्याचे पाय भक्कम असतील आणि हेड काढता येत असेल, तर फक्त फ्लुइड हेड आणि ते पातळीत आणणारा तळ बसवता येतो. तिथला स्क्रू बहुधा तीन-अष्टमांश इंचाच्या ठरलेल्या मापाचा असतो.

आमच्या शस्त्रक्रियागृहातही हाच धडा गिरवला गेला आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत एक सहायक पोटातली दुर्बीण धरून उभा असतो. तास उलटला की त्याचा हात थकतो आणि पडद्यावरचे चित्र डुलू लागते. म्हणून १९९०च्या दशकात दुर्बीण धरण्यासाठी ‘इसॉप’ नावाचा यांत्रिक हात वापरात आला. सरावाने थरथर जाईल, असे म्हणत कोणी बसले नाही. जे काम स्टँडला जमते, ते त्याच्याकडे सोपवले.

गर्दीत एक पाय

वारीत, मिरवणुकीत किंवा मंडपातल्या दाटीत ट्रायपॉड मांडता येत नाही. कोणी अडखळून पडले तर भलतेच व्हायचे. तिथे मोनोपॉड उपयोगी. एकच पाय, पण वजन थेट जमिनीवर. उचलला की जागा बदलता येते. खाली तीन छोटी बोटे आणि वर लहान फ्लुइड हेड असलेला मोनोपॉड व्हिडिओसाठी घ्यावा. तो स्वतःहून उभा राहत नाही, हे मात्र विसरू नका. किंमत, वजन आणि शरीराला मिळणारा आराम यांचा एकत्र विचार केला, तर एकट्याने काम करणाऱ्यासाठी ही सर्वांत फायद्याची खरेदी आहे.

भार कमरेवर

चालायचे तर आहे आणि तासभर चालायचे आहे, अशा वेळी वजन शरीरावरच राहणार. मग ते शरीराच्या सर्वांत बळकट भागाला द्यावे. अमेरिकेतील कॅमेरामन गॅरेट ब्राउन यांनी १९७०च्या दशकात स्टेडिकॅम तयार केला तो याच तत्त्वावर. १९७६च्या ‘रॉकी’ चित्रपटात नायक पायऱ्या चढत धावतो, ते दृश्य त्यावर घेतलेले आहे. त्यात स्प्रिंगचा हात कॅमेऱ्याचे वजन उचलतो आणि अंगातले जाकीट ते कमरेकडे व धडाकडे नेते. हातांना फक्त दिशा द्यायची. स्वीडनमधील वृत्त-छायाचित्रकार योहान हेल्स्टेन मान आणि खांद्याच्या दुखण्याने बेजार झाले, तेव्हा त्यांनी ‘ईझीरिग’ बनवला. कमरेच्या पट्ट्यातून पाठीमागून एक दांडा डोक्यावर येतो आणि त्याला कॅमेरा दोरीने टांगला जातो. ही साधने महाग असतात, पण मोठ्या शहरांत उपकरणे दिवसाच्या भाड्याने मिळतात. लांबचे काम असेल तेव्हा हे भाडे औषधपाण्यापेक्षा स्वस्त पडते.

शोल्डर रिग हा मधला मार्ग. कॅमेरा पुढे, तोलाचे वजन मागे आणि मधला भाग खांद्यावर. हात बरेच मोकळे होतात. पण एकूण वजन वाढते आणि ते मान व खांदा यांमधल्या स्नायूवर बसते. मानेचा जुना त्रास असलेल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

विकत घेण्यापूर्वी

आपल्या मागच्या दहा कामांची यादी करा. किती वेळ एका जागी उभे होतो, किती वेळ गर्दीत आणि किती वेळ खरोखर चालत? बहुतेकांचे उत्तर ट्रायपॉड, मग मोनोपॉड, मग गिम्बल असा क्रम देते. दुकानात नमुना व्हिडिओ पाहण्याऐवजी स्वतःचा कॅमेरा लावून ते साधन कामाच्या उंचीवर दहा मिनिटे धरा. तिसऱ्या मिनिटाला खांदा बोलू लागला, तर चार तासांच्या लग्नात तो काय करील, याचा अंदाज येतो. नेण्याचे वजनही मोजा. हेडसह व्हिडिओचा ट्रायपॉड पाच-सहा किलोचा सहज होतो; तो एका खांद्याला अडकवू नका. कमरेचा पट्टा असलेली पाठीवरची बॅग घ्या आणि जमिनीवरून उचलताना कमरेऐवजी गुडघे वाकवा.

दुखणे अंगावर काढू नका

हंगाम बुडू नये म्हणून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी दोन-दोन महिने घेणारे मी दर वर्षी पाहतो. या गोळ्या जठराला व्रण करतात आणि रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना इजा करतात. दुखणे मात्र तिथेच राहते, कारण कॅमेरा त्याच पद्धतीने धरलेला असतो. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाणही जास्त असते. साखर आटोक्यात ठेवणे हा त्यांच्या उपचाराचाच भाग आहे.

रात्री खांद्यावर झोपता येत नसेल, हात वर उचलत नसेल, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत मुंग्या येत असतील, पकड सुटून वस्तू पडत असतील, तर दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाट पाहू नका. सुरुवातीला विश्रांती, व्यायाम आणि धरण्याच्या पद्धतीतला बदल यांवर बहुतेक जण बरे होतात.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो. वजन घेऊन चालताना किंवा जिना चढताना डावा खांदा, दंड, जबडा भरून येत असेल, छातीवर दाब वाटत असेल, घाम फुटत असेल आणि थांबल्यावर बरे वाटत असेल, तर ते कॅमेऱ्याचे दुखणे मानू नका. ते हृदयाचे असू शकते. त्याच दिवशी दवाखान्यात या. थांबूनही काही मिनिटांत कळ गेली नाही, तर १०८ला फोन करा, मुहूर्त कितीही जवळ आला असला तरी.

लेन्स बदलता येते, कॅमेरा दोन वर्षांनी नवा घेता येतो. खांद्याची शीर एकदा फाटली, की ती पूर्वीसारखी होईलच असे नाही. आणि ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्यासाठी तो खांदा हेच सर्वांत महाग उपकरण आहे. खरेदीच्या यादीत त्याचा विचार सर्वांत आधी व्हावा.